‘वाढणे’चा सातवा अर्थ

स्वरांजली डुबलच्या पत्राला भास्कर तांबटांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र काही त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. शब्दकोशाच्या शेवटच्या खंडात त्यांनी ते ठेवून दिलं होतं. ठेवलं म्हणण्यापेक्षा लपवलं म्हणावं. कपाटातला तो जाड खंड दिसला की त्यांना वाटे, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय आणि आपण घरात नसल्यासारखे गप्प बसलो आहोत.

पत्र कागदावर शाईनं लिहिलेलं होतं. त्या दिवसांत हे नवलच. टपालाच्या लाल गाडीतून औषधं येत, रोपं येत, चष्मे येत. कागदी पत्र आलं की पोस्टमन पत्ता दोनदा वाचून बघे.

“ती. आजोबांस सा. न.,” स्वरांजलीनं लिहिलं होतं. “बारावी झाली. शाळेच्या संगणकीय कलचाचणीत मला नर्सिंग सुचवलंय. संगणक या विषयात ‘मध्यम’ असा शेरा आहे, कारण मी प्रत्येक प्रश्नाला फार वेळ घेते. पप्पा म्हणतात, तू स्वतःला कळतेस त्यापेक्षा यंत्राला जास्त कळतेस. मला आयटीत जायचंय. लोक म्हणतात, आता आयटी उरलीय कुठे? तुम्ही मला कधी खोटं सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते. मी जाऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन. महिनाअखेरीस पसंती कळवायची आहे. पत्राचं उत्तर पत्रानंच द्या. तोंडी सांगाल तर निम्मं गिळून टाकाल. तुमची, स्वरा.”

शेवटच्या ओळीशी तांबट दर वेळी अडखळत. पोरीनं त्यांना बरोबर ओळखलं होतं.

उभं आयुष्य त्यांनी एका शब्दकोशाच्या कचेरीत घालवलं. एक शब्द घ्यायचा, लोक तो कुठे नि कसा वापरतात याचे दाखले जमवायचे, ते कार्डांवर उतरवायचे आणि मग अर्थांचे क्रम लावायचे. या कामानं त्यांना एक खोड जडली. कुणी साधं “चहा घेणार का?” म्हणून विचारलं तरी ‘घेणे’चे सगळे अर्थ त्यांच्या डोळ्यांपुढे रांगेत उभे राहत आणि तोवर विचारणारा निघून जाई. एका शब्दाचे सात अर्थ ते सांगू शकत. एका प्रश्नाचं एकच उत्तर देणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. कोश छापून झाला, त्याचे खंड ठिकठिकाणच्या कपाटांत जाऊन बसले आणि त्यानंतर ते कुणी उघडले असतील असं तांबटांना वाटत नव्हतं.

स्वरा मात्र उघडायची. तिचं गाव सातखडकी, पाटणच्या पलीकडं डोंगरात. शिक्षणासाठी ती बारावीची परीक्षा होईपर्यंत कऱ्हाडला मामाकडे राहिली, आणि मामाचं घर तांबटांच्या समोरच. शाळा सुटली की दप्तरासकट येई. एकदा तिनं विचारलं होतं, “आजोबा, सहलीला जाऊ का म्हटलं की पप्पा म्हणतात, ‘बघू’. ‘बघू’ म्हणजे हो की नाही?”

तांबटांनी दोन्ही अर्थांचे दाखले काढून दाखवले.

“ते मलापण माहितीय. कुठल्या आवाजात म्हटलं की ‘हो’ आणि कुठल्या आवाजात म्हटलं की ‘नाही’, ते कोशात कुठंय?”

कोशात ते नव्हतं. तांबटांना त्या संध्याकाळी जेवण गोड लागलं नाही, आणि तरीही कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

अशा मुलीला काय सांगायचं? त्यांनी पुतण्याला विचारलं.

निशिकांत त्यांच्याच घरी राहायचा. पूर्वी तो हिंजवडीत प्रोग्रामर होता. आता मागच्या शेडमध्ये अळिंबी पिकवायचा. “तेव्हाही अंधारातच बसत होतो, आताही अंधारातच,” असं तो सगळ्यांना सांगे. पत्र ऐकून त्यानं हातातली पाण्याची झारी खाली ठेवली.

“काका, पोरीला वाचवा. सरळ लिहा, जाऊ नकोस.”

“पण तिला आवड आहे रे.”

“मला नव्हती? आमच्या मजल्यावर माणसं मावत नव्हती. बोलका आला आणि शेवटी कॉफीचं मशीन तेवढं कामावर राहिलं.”

हा ‘बोलका’ काय होता, ते इथे सांगायला हवं. पूर्वी संगणकाकडून काम करून घ्यायचं तर त्याच्या भाषेत एकेक सूचना लिहावी लागे, आणि ते लिहिणारे ते प्रोग्रामर. बोलक्यानं ती पायरीच काढून टाकली. दुकानदारानं, सरपंचानं, डॉक्टरनं आपल्याला काय हवं ते आपल्या बोलीत सांगायचं. बोलका ऐकायचा, त्यावरून प्रोग्राम स्वतः लिहायचा, स्वतः तपासायचा आणि चालवायचाही. त्यानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चूक सापडत नसे. माणसाच्या प्रोग्राममध्ये ती हटकून सापडे. मग माणसांना कोण ठेवणार?

तांबटांना या यंत्राचं कौतुक वाटे, आणि ते लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. जे काम त्यांनी जन्मभर हातानं केलं तेच काम बोलक्यानं जगभरच्या मजकुरावर केलं होतं. निशिकांतनं त्यांना ते एकदा छान समजावलं होतं. “कल्पना करा काका, एक मोठं आभाळ आहे. त्यात प्रत्येक शब्द म्हणजे एक चांदणी. जे शब्द लोकांच्या वाक्यांत सारख्याच जागी येतात त्यांच्या चांदण्या जवळ जवळ. ‘भाकरी’च्या शेजारी ‘पिठलं’, ‘दवाखाना’च्या शेजारी ‘डॉक्टर’. कोट्यवधी वाक्यं वाचून बोलका हे आभाळ स्वतःच रचतो. मग तुम्ही बोललात की तो त्या आभाळात तुमची जागा शोधतो आणि तुम्हाला काय म्हणायचंय ते ओळखतो.”

“आणि जे कुणी कधी लिहिलंच नाही, नुसतं बोललं, त्याची चांदणी?”

“ती नसते. किंवा भलतीकडेच असते,” निशिकांत म्हणाला आणि अळिंबीकडे वळला.

तांबट पत्र लिहायला बसले. ‘एका दृष्टीनं पाहता’ अशी सुरुवात केली. पान भरलं तेव्हा ‘दुसऱ्या दृष्टीनं’ येऊन ठेपलं होतं. त्यांनी कागद फाडला. आपल्या एका शब्दावर एका मुलीचं आयुष्य वळणार, या विचारानं ते पुन्हा पेनाला टोपण लावत. महिना सरत आला तरी उत्तर गेलं नाही.

आणि एके सकाळी स्वराच दारात उभी.

“आजोबा, पत्र मिळालं?”

“मिळालं.”

“बरं,” ती म्हणाली. तिनं पुढे काहीच विचारलं नाही, आणि तांबटांना जमिनीत शिरावंसं वाटलं. “मी त्यासाठी नाही आले. मला ‘वाढणे’ बघायचंय.”

सातखडकीच्या आरोग्य उपकेंद्रात काय घडलं ते तिनं पाणी पिता पिता सांगितलं. परीक्षा झाल्यापासून ती तिथं मदतीला जात होती. केंद्रातल्या औषधांचा हिशेब बोलका ठेवायचा. हौसाबाई नावाच्या साठीच्या मावशी झाडलोट करायच्या आणि संध्याकाळी कपाट बघून काय कमी, काय जास्त ते बोलक्याला सांगायच्या. मागच्या आठवड्यात गवत कापताना एकाला फुरसं चावलं. नर्सबाईंनी बोलक्याला विचारलं, सापाचं इंजेक्शन आहे ना? बोलका म्हणाला, भरपूर आहे, साठा वाढता आहे. कपाट उघडलं तर आत खोकं होतं आणि खोक्यात काही नव्हतं. जीपमधून त्या माणसाला तालुक्याला नेलं. तो वाचला, पण पाय अजून सुजलेला होता.

“कंपनीनं सगळं तपासलं. प्रोग्राममध्ये एक चूक नाही. म्हणजे चूक हौसामावशींची, असा निकाल. आता त्यांना काढायचं म्हणतायत. पण आजोबा, मी रेकॉर्ड ऐकलं. मावशींनी बरोबर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘सापाचं इंजेक्शन वाढलं.’”

तांबट चटकन उठले. एरवी गुडघ्यांची परवानगी घेऊन उठणारा माणूस, पण त्या वेळी विसरला.

“अगं, वाढलं म्हणजे...”

“संपलं,” स्वरा म्हणाली. “आमची आजी मीठ संपलं कधी म्हणायचीच नाही. मीठ वाढलं म्हणायची. हातातली बांगडी फुटली की वाढली. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. मी कंपनीतल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, याला आधार काय? आमच्या आभाळात तर ‘वाढणे’ हे ‘भाव’, ‘संख्या’, ‘उत्पन्न’ यांच्या शेजारी आहे. नाहीतर ताटात वाढणे. तुझ्या आजीचा शब्द पुरावा म्हणून कसा घेऊ?”

ती बोलता बोलता कपाटाशी गेली आणि शेवटचा खंड काढला. तांबट “थांब, मी देतो” म्हणेपर्यंत पानं उलगडली होती. पत्र जमिनीवर पडलं. घडीवर कागद विरून फाटायला आला होता.

स्वरानं ते उचललं, त्याच्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि पुन्हा पानांत ठेवून दिलं.

“इतक्या वेळा वाचलं?” ती हळूच म्हणाली.

तांबटांनी चष्मा पुसायला काढला.

‘वाढणे’ची नोंद दीड स्तंभ होती. अर्थ सातवा : “(बोली) संपणे, फुटणे, विझणे. अशुभ उच्चार टाळण्यासाठी, विशेषतः स्त्रियांच्या बोलण्यात.” पुढे दाखल्याची जागा मोकळी होती.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच. संपादक म्हणत होते काढून टाका, छापील दाखला नाही. मी पहिल्यांदाच कुणाशी तरी भांडलो. म्हणजे भांडलो असं नाही. रोज त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचो. शेवटी कंटाळून त्यांनी राहू दिलं.”

स्वरा हसू लागली. मग एकदम गंभीर झाली. “तुम्ही उभे राहिला नसतात तर आज माझ्याकडे काहीच नसतं, आजोबा.”

भास्कर तांबटांना असलं काही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी निशिकांतला हाक मारली आणि गाडी काढायला सांगितलं.

निशिकांत कुरकुरत आला, पण आला. स्वराकडे आधार मागणाऱ्या कंपनीतल्या बाई, मुग्धा पेठकर, त्याच्या जुन्या ओळखीच्या निघाल्या. दोघं पूर्वी एकाच मजल्यावर बसत. तिघं सातखडकीला पोचले तेव्हा मुग्धाबाई उपकेंद्राच्या पडद्यावर हजर होत्या. खाली दाराशी नवी पाटी लागली होती : ‘औषध संपल्यास “संपलं” असेच म्हणावे.’

“पाटी वाचली का, मावशी?” निशिकांतनं विचारलं.

“वाचली न्हवं! आन रातभर झोपले न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. पदरानं कपाळ पुसत त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. “तिकडं ढवळ्याची सून बाळंत हुतीया. आन मी हितं दारात हुभी ऱ्हाऊन संपलं, संपलं करू? कामावनं काढा बापू, पर ते माझ्या तोंडातनं न्हाई यायचं.”

मुग्धाबाईंनी कोशातली नोंद पाहिली. त्या प्रामाणिक बाई होत्या. “मान्य,” त्या म्हणाल्या. “हा अर्थ आमच्याकडे नव्हता. पण त्यानं प्रश्न सुटत नाही. शिबिरातून कधी खरंच जादा औषधं येतात, तेव्हाही मावशी ‘वाढलं’च म्हणणार. दोन उलटे अर्थ, एकच शब्द. बोलक्यानं ओळखायचं कसं?”

“त्याला विचारू द्या की,” निशिकांत म्हणाला. “वाढलं म्हटलं की यंत्रानं विचारावं, ‘म्हणजे संपलं का?’ हो की नाही, एवढं उत्तर. मिनिटाचं काम आहे.”

“तेच करते,” मुग्धाबाई म्हणाल्या.

“चालणार नाही,” स्वरा म्हणाली.

तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती हौसाबाईंच्या शेजारी बाकावर बसली होती. बराच वेळ ती फक्त मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होती. कलचाचणीत हाच वेळ तिच्या नावावर कमीपणा म्हणून मांडला गेला असणार, असं तांबटांच्या मनात आलं.

“का चालणार नाही?” मुग्धाबाईंनी विचारलं.

“करून बघा.”

मुग्धाबाईंनी बोलक्याला सांगितलं, त्यानं क्षणात स्वतःत बदल केला. हौसाबाई कपाटापुढे उभ्या राहिल्या. “ताप उतरायच्या गोळ्या वाढल्या,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे संपल्या का?” बोलक्यानं गोड आवाजात विचारलं.

हौसाबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. “आगं बया! ह्यो तर माझ्याकडनं वदवून घ्यायला बसलाय!” आणि त्या पाठ फिरवून चक्क बाहेर गेल्या.

निशिकांतला हसू आवरेना. पडद्यावर मुग्धाबाई कपाळ चोळत होत्या.

“त्यांना तो शब्द बोलायचा नाही, तसाच ऐकायचाही नाही,” स्वरा म्हणाली. “आमच्या घरी आजी ‘मीठ वाढलं’ म्हणाली की आई कधीच ‘संपलं का?’ असं विचारत नव्हती. मी आठवून बघतेय, काय म्हणायची...” ती डोळे मिटून बसली. तिच्या ओठांची हालचाल होत होती, जणू कुठलं तरी जुनं स्वयंपाकघर ती आत ऐकत होती. बाहेर शेळ्या ओरडल्या.

मग तिनं डोळे उघडले.

“‘आणू का?’ आई विचारायची, ‘आणू का?’”

“म्हणजे?”

“बोलक्यानं एवढंच विचारायचं. मावशी, या ना आत. मुग्धाताई, त्याला तसं सांगा.”

हौसाबाई आल्या, पण दोन पावलं लांबच उभ्या राहिल्या. “ताप उतरायच्या गोळ्या वाढल्या,” त्यांनी संशयानं म्हटलं.

“बरं,” बोलका म्हणाला. “आणू का?”

हौसाबाईंचा चेहरा उजळला. “आण की रं बाबा! आन लवकर आण, पोरं फणफणल्यात.”

“आता दुसरं,” स्वरा म्हणाली. “मावशी, शिबिरात कापसाचे गठ्ठे आलेत ना जादा?”

“व्हय. कापूस लई वाढलाय.”

“आणू का?”

“नगं नगं! ठिवू कुठं? माझ्या डोस्क्यावर?”

बोलक्यानं गोळ्यांची मागणी तालुक्याला पाठवली आणि कापसाची नोंद जादा म्हणून केली. दोन्ही बरोबर. मग स्वरानं आणखी काही प्रकार करून पाहिले. नर्सबाईंना बोलायला लावलं, वाटेनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला आत बोलावून त्यालाही बोलायला लावलं. एका ठिकाणी गडबड झाली. म्हातारा म्हणाला, “आन न्हाईतर नको आनू, मला काय?” आणि बोलका गोंधळला. स्वरानं लगेच विचारलं, अशा वेळी तो काय करेल? गप्प बसून अंदाज बांधेल की नर्सबाईंना विचारेल? मुग्धाबाई म्हणाल्या, अंदाज बांधेल. “मग इथं अंदाज बांधू नये,” स्वरा म्हणाली. “औषधाच्या कपाटात अंदाज नको.”

तांबट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे पाहत होते. त्यांनी जन्मभर शब्दांचे अर्थ पकडून कार्डांवर टाचले, आणि त्याचा त्यांना थोडासा अभिमानही होता. पण ही मुलगी अर्थाच्या मागे धावलीच नव्हती. कुणालाही आपला शब्द सोडावा लागू नये, आणि तरी कपाट भरलेलं राहावं, असा प्रश्न तिनं शोधून काढला होता. तिनं संगणकाच्या भाषेतली एक ओळही लिहिली नव्हती. ते लिहिणं यंत्राचं काम होतं आणि त्यानं ते चोख केलं. काय लिहायचं, हे मात्र त्याला कुणीतरी त्या बाकावर बसून सांगायला हवं होतं.

“हाच बोलका डोंगरातल्या सगळ्या उपकेंद्रांत आहे,” मुग्धाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “हे सगळीकडे घालते. ती पाटी काढायला सांगते, आणि मावशींवरचा ठपका मी स्वतः पुसून टाकते. तू कुठल्या कॉलेजला आहेस गं?”

“अजून कुठल्याच नाही. बारावी झालीय.”

“मग? पुढे काय?”

स्वरानं तांबटांकडे पाहिलं. “ते अजून कळायचंय.”

सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळले असं तांबटांना वाटलं. बोलायला तोंड उघडलं, आणि ओठांवर आलेलं उत्तर त्यांनी गिळून टाकलं. मुलीनं लिहिलं होतं तसंच.

निघताना ते दारात थांबले, पायात चपला सरकवल्या आणि सवयीनं म्हणाले, “बरंय हौसाबाई, येतो.”

“नमस्कार, या,” आतून बोलका म्हणाला. “बसा. आपलं नाव सांगा.”

हौसाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. “आवो, चाललं ते! चाललं!” असं त्या यंत्राला सांगू लागल्या आणि मग स्वतःच जीभ चावली, कारण ‘चाललं’ म्हणणंही काही बरं नव्हे. स्वरा हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, भूक लागलेल्या माणसानं ताटाकडे बघावं तशी.

परतीच्या वाटेवर निशिकांत गाडी चालवत होता. घाट उतरल्यावर म्हणाला, “काका, मी त्या दिवशी बोललो ते मागे घेतो. निम्मं.”

“निम्मं का?”

“निम्म्याची मला अजून भीती वाटते. मी पाटी लावली असती, काका. ‘संपलं असेच म्हणावे.’ आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं, लोकांना यंत्राच्या सोयीचं बोलायला लावलं. पण ही आज जे करते ते उद्या यंत्र करणार नाही कशावरून?”

“करेल,” तांबट म्हणाले. “पण शिकेल कुणाकडून?”

निशिकांतनं आरशातून काकांकडे पाहिलं. काकांनी एका प्रश्नाला एवढ्या झटकन एकच उत्तर दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

घरी येताच तांबटांनी हातपायही धुतले नाहीत. टेबलाच्या खणातून त्यांनी जुन्या कचेरीतलं एक कोरं कार्ड काढलं. त्यावर बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं : “वाढणे. अर्थ ७. दाखला : ‘ताप उतरायच्या गोळ्या वाढल्या.’ हौसाबाई, सातखडकी. संग्राहक : स्वरांजली डुबल.” मोकळी राहिलेली ती जागा भरली. त्यांनी कार्ड वाळू दिलं.

मग पत्राचा कागद घेतला.

‘चि. स्वरांजलीस अनेक आशीर्वाद,’ त्यांनी लिहिलं. पुढे ‘एका दृष्टीनं’ असं लिहिण्यासाठी हात आपोआप वळला, तो त्यांनी थांबवला. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. ज्या विद्येसाठी तू जाशील ती तू शिकून होईतो बदललेली असेल, हेही लिहिलं. तुला वेळ लागतो म्हणून तुला मध्यम म्हणणाऱ्यांनी तू त्या वेळात काय करतेस ते पाहिलेलं नाही. मी आज पाहिलं, असंही त्यांनी लिहिलं. मग ते मूळ प्रश्नाशी आले. तिनं विचारलं होतं, मी जाऊ का?

त्यांनी लिहिलं : ‘जा.’

आणि त्याकडे बघत राहिले. उत्तर एकच होतं, स्पष्ट होतं, आणि खरं होतं. पण निघालेल्या माणसाला उंबऱ्यावर कुणी ‘जा’ म्हणतं का? त्यांच्या आईनं कधी म्हटलं नव्हतं. हौसाबाईंनी तर कान झाकले असते. बोलक्याला हे अजून कळत नव्हतं. ते त्याला शिकवायला एक मुलगी निघाली होती.

तांबटांनी त्या एका अक्षराला जोडून पुढे लिहिलं. ‘जाऊन ये.’

खाली सही केली, कार्ड आत घातलं, पाकीट चिकटवलं. पसंती कळवायला अजून थोडेच दिवस उरले होते, आणि डोंगरातली टपालाची गाडी सकाळी सुटायची. ते चौकापर्यंत चालत गेले. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून क्षणभर उभे राहिले, जसे एके काळी संपादकांच्या टेबलाशी उभे राहत. मग त्यांनी बोटं सैल केली, आणि आत पाकीट पडल्याचा आवाज आला.